पहिल्या दिवशीची तपासणी कागदावर नाही

यावल तालुक्यातलं केळीचं घर. चोविशीतला मुलगा चाऱ्यासाठी निंबाच्या झाडावर चढला आणि पाठीवर पडला. पाठीचा अकरावा (डी ११ चा) मणका फुटला, स्क्रू-रॉड टाकून तो स्थिर केला. सात महिन्यांनी वडील त्याला माझ्याकडे तपासायला घेऊन आले तेव्हा कंबरेखाली काहीच हलत नव्हतं. वडिलांच्या मोबाइलमध्ये चोपड्याकडच्या एका पेशंटचा व्हिडिओ होता: 'स्टेम सेलच्या इंजेक्शननंतर' पायाचा अंगठा हलतोय. दोन एकर विकायची त्यांची तयारी झाली होती. "साहेब, पेशी टाक्यावर पोऱ्या उभा राही ना?"

ते इंजेक्शन म्हणजे काय, ते सांगतो. खुब्याच्या हाडातून मगज (अस्थिमज्जा) काढतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, मधला पांढुरका थर घेतात आणि त्याच दिवशी कंबरेतून मणक्याच्या पाण्यात सोडतात. त्या थरात लाखभर पेशींमागे खऱ्या मेसेन्कायमल स्टेम सेल, म्हणजे हाड-कूर्चा-चरबी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी, एक ते दहा. शिवाय ते पाणी दिवसाला साधारण अर्धा लिटर नव्याने तयार होतं आणि जुनं शोषलं जातं. इजा झालेल्या जागी त्यातलं किती पोचेल?

आणि त्या जागी तरी काय असतं? याच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूत पाण्याची पोकळी दिसत होती. अशा पोकळीच्या कडेला ॲस्ट्रोसाइट (चेतापेशींना आधार देणाऱ्या) पेशींचा व्रण धरतो, त्यात कॉन्ड्रॉइटिन सल्फेटची प्रथिनं साठतात आणि वाढू पाहणारा चेतातंतू तिथेच अडतो. नुसत्या पाण्यात पेशींना धरायला काही नसतं, म्हणून बहुतेक मरतात. वडील म्हणाले, केळीचं टिश्यूचं रोप लॅबमध्ये वाढतं, मग नस का नाही वाढणार? मी विचारलं, "ते रोप थेट खडकात लावता का, आप्पा?" त्यांना लगेच कळलं.

बायोमटेरियलचं, म्हणजे पेशींना धरायला टाकायच्या जेलचं किंवा सांगाड्याचं, काम इथे सुरू होतं, आणि ते फार नाजूक आहे. कोलॅजन थंड आणि आम्ल असतं तोवर पातळ राहतं. बर्फावरच त्याचा पीएच ७.४ वर आणायचा, पेशी मिसळायच्या, मग ३७ अंशांवर ते जेल होतं. हात रेंगाळला तर पिपेटमध्येच गोठतं, बुडबुडे अडकतात. फायब्रिन, म्हणजे रक्ताच्या गुठळीतलं प्रथिन, थ्रॉम्बिनने पटकन धरतं, पण शरीर ते काही दिवसांत विरघळवतं, म्हणून ते विरघळणं रोखणारं ॲप्रोटिनिन घालावं लागतं. पीएलजीए हे शरीरात विरघळणारं प्लास्टिक विरघळताना आम्ल सोडतं. सांगाडा मज्जारज्जूपेक्षा कडक असेल तर प्रत्येक हालचालीला कडेला घासून नवी इजा करतो. आतल्या वाटा उभ्या, मज्जारज्जूच्या दिशेने हव्यात. एवढं जमलं तरी चेतातंतू आत शिरतात आणि पलीकडच्या टोकातून बाहेरच पडत नाहीत. आतलं खाद्य सोडून व्रणात जायला त्यांना कारण नसतं. माझ्या मते या विषयातली खरी अडचण हीच आहे.

२००२ मध्ये पीएलजीएच्या सांगाड्यावर चेतापेशींच्या स्टेम सेल बसवून उंदरांत प्रयोग झाला. २०१२ मध्ये सॅन दिएगोत फायब्रिनमधून अशाच पेशी पूर्ण कापलेल्या मज्जारज्जूत घातल्या, तंतू लांबवर वाढले. माणसांत चीनमध्ये कोलॅजन आणि नाळेतल्या पेशी एकत्र वापरून चाचण्या झाल्या. जपानच्या केओ विद्यापीठाने डिसेंबर २०२१ पासून चार जणांना प्रत्येकी २० लाख पेशी दिल्या, त्याही सांगाड्याशिवाय आणि इजेनंतर १४ ते २८ दिवसांतच. सात महिन्यांचा पेशंट त्यांनी घेतला नसता.

आपल्याकडे २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या आजारात स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात आणि पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. दोन एकर मागणारा माणूस चाचणी करत नाही, विक्री करतो.

पण माझ्या डोक्यातून जात नाही ती फाइल. पहिल्या दिवसाच्या कागदावर एकच ओळ: 'दोन्ही पायांची ताकद ०/५'. मज्जारज्जूची इजा किती आहे हे ठरवणाऱ्या आसिया तपासणीला टाचणी, कापूस आणि ग्लोव्ह लागतो. प्रत्येक बाजूला २८ ठिकाणी स्पर्श आणि टोचणी, दहा स्नायू, आणि शेवटी गुदद्वाराशी संवेदना आहे का, बोटाभोवती आकुंचन होतं का. तिथे काही शिल्लक असेल तर इजा अपूर्ण, आणि अपूर्ण इजेत पहिल्या काही महिन्यांत पाय आपोआपही हलू लागतात. माझ्याकडे येण्याआधीच्या दोन हॉस्पिटलांत कुणी हे पाहिलं असेल तर लिहिलं नाही. महागडा एमआरआय तीनदा झाला, टाचणी एकदाही नाही. याचा मला राग येतो.

आज तपासलं तर श्रेणी ए, पूर्ण इजा. माकडहाडावर जखम होती, सात महिने कॅथेटर कायम घातलेला, लघवी गढूळ. तो कॅथेटर आधी काढला. वडिलांना आणि आईला दर चार-सहा तासांनी स्वच्छ नळी घालायला शिकवलं, एका वेळी ५०० मिलीच्या आत, आणि दर दोन तासांनी कूस बदलायला. जखम भरत आली आहे. जमीन अजून विकलेली नाही.

व्हिडिओतला मुलगा कोणत्या श्रेणीचा होता, हे कळल्याशिवाय त्याचा अंगठा इंजेक्शनने हलला की आपोआप, हे सांगता येत नाही. वडिलांनी ओळख काढून त्याच्या घरच्यांच्या संमतीने पहिल्या दिवसाच्या कागदाचा फोटो मिळवला. त्यावरही तेवढंच आहे: 'ताकद ०/५'.