माझा अनुभव: मचाणापर्यंतचे चारशे यार्ड

पहिल्या वर्षी मी मचाणावर चढायच्या आधीच माझी त्या दिवसाची शिकार संपलेली असायची, आणि गंमत म्हणजे मला ते कळायचंही नाही. मी आपला वर बसून थर्मासमधला चहा पीत हरणाची वाट बघतोय, आणि हरणं अर्ध्या तासापूर्वीच माझी वाट बघून, मला नीट ओळखून, पलीकडच्या डोंगरावर गेलेली.

आधी थोडं सांगतो. मी मॅडिसनला राहतो, अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये, आणि ऑफिसातल्या एका मित्राच्या वडिलांची शेती आहे व्हिरोक्वाच्या बाजूला, गाडीने पावणेदोन दोन तास. त्या भागाला ड्रिफ्टलेस म्हणतात, म्हणजे हिमयुगात आजूबाजूचा सगळा मुलूख बर्फाखाली घासून सपाट झाला पण हा कोपरा सुटला, त्यामुळे इथे खरे डोंगर, खऱ्या घळी, तळाला थंडगार झऱ्याचे ओढे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला भोर-वेल्ह्याकडे आल्यासारखं वाटलं होतं. मित्राचे वडील ७४ वर्षांचे, मी मनात त्यांना आजोबाच म्हणतो. त्यांनी सांगितलं शिकायचं असेल तर ये, मचाण आहे, जागा आहे. लायसन्ससाठी आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागला, कारण इथे १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो लागतो आणि मी ८१ चा. वर्गात बाकी सगळी बारा-तेरा वर्षांची पोरं आणि त्यांच्यात टक्कल पडलेला मी. घरी आईला सांगितलं तेव्हा फोनवर नुसती शांतता. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून शिकार बंद, त्यामुळे तिच्या डोक्यात हरीण मारणारा म्हणजे तुरुंगात जाणारा माणूस. इथे हरणांची संख्या आटोक्यात ठेवायला सरकारच टॅग, म्हणजे हरीण मारायचा परवाना, देतं हे तिला अजून पटलेलं नाही, आणि तो विषय आम्ही टाळतो.

असो. मुद्दा मचाणाचा. आमच्या गावाकडे ज्वारीच्या रानात माळा घालायचे आणि त्यावर गोफण घेऊन बसायचं ते पाखरं हाकलायला. मी लहानपणी बसलोय. म्हणजे माझं मचाणाचं सगळं ट्रेनिंग आवाज करायचं होतं, आणि इथे नेमकं उलटं.

पहिल्या सीझनला मी काय काय केलं ते लिहितो म्हणजे कुणाला तरी उपयोग होईल. शेताच्या फाटकापाशी गाडी लावली, दार धाडकन बंद केलं, सवयीने चावीचं बटण दाबलं आणि गाडी पहाटे पाच वाजता बीप करून दोन्ही दिवे लुकलुकवून मोकळी झाली. मग फाटकाची साखळी खळखळवली. मग मोबाईलचा टॉर्च. मग कापलेल्या सोयाबीनच्या रानातून सरळ मधोमध चालत मचाणाकडे, कारण नकाशावर तो सगळ्यात जवळचा रस्ता होता. अंगावर जे जॅकेट होतं ते वर्षभर किचनशेजारच्या कपाटात टांगलेलं, म्हणजे हिंग-मोहरीची फोडणी त्याच्या दोऱ्यादोऱ्यात. आणि टेकडी चढून वर पोचेपर्यंत घामाने चिंब, मग बसल्यावर तोच घाम गार पडून दात वाजायला लागले. अंधारात मधूनच कुठूनतरी फुस्स फुस्स असा आवाज यायचा, जोरात, टायरमधली हवा सोडल्यासारखा, मला वाटायचं कुठलातरी पक्षी असेल.

आजोबांनी दुपारी पहिला प्रश्न विचारला, "किती पळवलीस?" किती दिसली असं नाही. मी म्हटलं एकही दिसलं नाही. त्यांनी विचारलं आवाज ऐकलास का, आणि तोंडाने तो फुस्स काढून दाखवला. तो पक्षी नव्हता, ती हरणीच होती, धोक्याचा वास आला की नाकातून तसं फुसकारतात आणि ऐकणारी बाकीची सगळी सावध होतात. मी म्हटलं तीन-चार वेळा ऐकला. ते हसले नाहीत, त्यामुळे मला जास्तच लागलं.

मग त्यांनी मला नोव्हेंबरातच एका रविवारी मचाणावर न बसता नुसतं फिरवलं. हरणं रात्रभर खाली रानात चरतात, सोयाबीनचे सांडलेले दाणे, मक्याची कणसं, अल्फाल्फा म्हणजे लसूणघास, आणि उजाडायच्या सुमारास वर चढून डोंगराच्या माथ्याखाली वाऱ्याच्या आडोशाला दिवसभर बसतात. म्हणजे पहाटे पाचला मी ज्या रानातून टॉर्च घेऊन चालत होतो ते रान म्हणजे त्यांचं जेवणाचं ताट. भरल्या पंगतीतून बूट घालून चालत जायचं आणि वर मग पुढच्या खोलीत बसून पाहुण्यांची वाट बघायची, असा माझा प्रकार चालला होता.

दुसरी गोष्ट वाऱ्याची, आणि इथे मी जरा थांबणार आहे कारण सगळा खेळ इथेच आहे. मी फोनवर वेदर अ‍ॅप बघून "वायव्येचा वारा, ओके" म्हणून निघायचो. पण डोंगराळ भागात अ‍ॅपमधला वारा माथ्यावर असतो, घळीत वेगळंच चाललेलं असतं. रात्री जमीन गार होते, गार हवा जड, ती पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते, घळीतून ओढ्यात आणि ओढ्याच्या प्रवाहाबरोबर खाली. सूर्य वर येऊन उतार तापला की उलटं, हवा वर चढायला लागते. संध्याकाळी सावली पडली की परत खाली. म्हणजे तुमचा वास कुठे जाणार हे ताशी बदलतं. आजोबांनी खिशातून एक वाळलेली शेंग काढली, फोडली, आणि त्यातून एक पांढरं रेशमी बी हवेत सोडलं, आणि मी चक्क ओरडलोच, अहो ही तर म्हातारी! मिल्कवीडची शेंग ती, आपल्या रुईचीच चुलत बहीण, लहानपणी ज्या म्हाताऱ्या हातात धरायला धावायचो त्याच. फक्त इथे म्हातारी पकडायची नाही, ती कुठे जाते ते नजर जाईल तिथपर्यंत बघत राहायचं. ती आमच्यापासून निघाली, आडवी गेली, मग एका झाडाशी अडखळून हळूच उतारावरून खाली वळली आणि थेट सोयाबीनच्या रानावर जाऊन उतरली. अ‍ॅपप्रमाणे ती भलतीकडेच जायला हवी होती. विकतची पावडरची बाटली मिळते वारा बघायला पण ती दहा फुटांवर दिसेनाशी होते, म्हातारी लांबवर सगळी वळणं दाखवते. आता मी दर सप्टेंबरात शेंगा गोळा करून ठेवतो, बायको म्हणते हे काय गवत आणून ठेवलंय.

मग नवीन रस्ता ठरला. फाटकाकडून जाणं पूर्ण बंद. त्याऐवजी रस्त्याने वळसा घालून ओढ्याच्या खालच्या अंगाला पूल आहे तिथे गाडी लावायची, आणि तिथून रबरी बूट घालून चक्क पाण्यातून वर चालत यायचं, मग मचाणाखालची घळ आली की त्यातून वर. म्हणजे पहाटेची गार हवा समोरून तोंडावर, आपला वास मागे ओढ्याबरोबर खाली जातोय, रान राहतं वरच्या अंगाला. पाण्याच्या खळखळाटात पावलांचा आवाज बुडतो, दोन्ही बाजूंचे काठ छातीएवढे उंच त्यामुळे आपण दिसत नाही, आणि जमिनीवर पायांचा वास उरत नाही. अंतर दीडपट वाढलं. मी कुरकुर केली तर म्हणाले जवळचा रस्ता हवा असेल तर किराणा दुकानात जा, मांस तिथे मिळतं.

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरातच जाऊन घळीतली वाट दंताळ्याने साफ केली, फांद्या छाटल्या, चिखलात दोन सपाट दगड टाकले. हे काम लोक करत नाहीत आणि मग नोव्हेंबरात ओकच्या वाळक्या पानांवर, त्यावर दंव गोठलेलं, चालायला लागतात, म्हणजे पातळ पोह्यांच्या चिवड्यावरून चालल्यासारखा आवाज. मागाहून पानं पडतातच पुन्हा, मग शेवटच्या वीकेंडला ब्लोअर घेऊन जायचं, दुपारी, वारं असताना, आणि लगेच निघायचं.

बाकी छोट्या गोष्टी पटापट सांगतो. टॉर्च लाल, कारण हरणांना तांबडा रंग नीट दिसत नाही, निळा मात्र आपल्यापेक्षा चांगला दिसतो, म्हणून जीन्स घालून जाऊ नका. कपडे धुताना "शुभ्र चमक"वाला साबण नको, त्यातलं चमक आणणारं रसायन त्यांच्या डोळ्यांना दिसतं म्हणतात. जॅकेट किचनपासून लांब, झाकणाच्या डब्यात. वास मारणारे स्प्रे मी पहिल्या वर्षी बरेच घेतले, माझं मत विचाराल तर पैसे वाया, वारा चुकला तर कुठलाही स्प्रे वाचवत नाही. जाताना अंगावर कमीत कमी कपडे, थंडी वाजलीच पाहिजे, जाड जॅकेट बॅगेत आणि वर पोचून पाच मिनिटं बसल्यावर घालायचं, म्हणजे घाम नाही. धातूला धातू लागतो तिथे कापडी टेप. हार्नेस, म्हणजे पडलो तर धरून ठेवणारा अंगावरचा पट्टा, जमिनीवरच घालायचा आणि शिडीवर पाय ठेवायच्या आधी दोरीला अडकवायचा, अंधारात गारठलेल्या हातांनी पडणारे दरवर्षी असतात. क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखं धरून बाण सोडायचं धनुष्य, खांद्यावर घेऊन चढायचं नाही, बाण न लावता, न ताणता खाली ठेवून वरून दोरीने ओढून घ्यायचा.

आणि चाल. हे मला सगळ्यात अवघड गेलं. माणूस चालतो एका ठेक्यात, धप धप धप धप, जंगलात दुसरं कुणीच तसं चालत नाही. तीन पावलं, थांब. दोन पावलं, जास्त वेळ थांब. खार कशी करते तसं. वाळकी काटकी मोडलीच तर लगेच पुढचं पाऊल टाकायचं नाही, मिनिटभर पुतळा. पूर्वी पंधरा मिनिटांत संपणारे चारशे यार्ड (हे फक्त घळीतले) मला आता पाऊण तास लागतात. त्यामुळे उठायचं साडेतीनला.

परत यायचं कसं हे मी तोवर विचारातच घेतलं नव्हतं. संध्याकाळी अंधार पडतो तेव्हा हरणं खाली रानात आलेली असतात, तुम्ही वर मचाणावर, आणि उतरलात की सगळ्यांना कळलं की त्या झाडावर माणूस बसतो. मग ते झाड महिनाभर बाद. पहिल्यांदा असा अडकलो तेव्हा आजोबांना मेसेज केला. पंधरा मिनिटांनी खालून त्यांचा जुना ट्रॅक्टर आला, दिवे लावून, रानाच्या कडेकडेने, शांतपणे. हरणांनी माना वर केल्या, ट्रॅक्टर म्हणजे रोजचाच, शेपट्या वगैरे काही उभ्या केल्या नाहीत, कंटाळल्यासारखी चालत जंगलात गेली. ट्रॅक्टर मचाणाच्या खालच्या अंगाला इंजिन चालू ठेवून थांबला, मी त्या आवाजात उतरलो, मागे लटकलो, निघालो. हरणांच्या हिशोबात ट्रॅक्टर आला आणि गेला, बस.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट सांगून थांबतो. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, माजाचा सीझन, बंदुकीचा सीझन सुरू व्हायला अजून वेळ होता. २० फॅरनहाइट, म्हणजे उणे सहा-सात. ओढ्यातून आलो, घळीत म्हातारी सोडली, ती माझ्या मागे गेली, छान. सव्वापाचला वर बसलो. श्वास शांत झाला. अजून पूर्ण अंधार, आणि माझ्या उजव्या हाताला पानांमध्ये आवाज आला, ठेका नसलेला. कुणीही फुसकारलं नाही. इथे सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत बाण सोडायची परवानगी नाही, त्यामुळे नुसतं ऐकत बसलो. हळूहळू उजाडलं तर मचाणापासून वीस-पंचवीस यार्डांवर, पडलेल्या झाडाच्या मागे, एक मादी आणि तिचं त्या वर्षीचं पिल्लू पाय दुमडून बसलेले. रवंथ चाललेलं. तिचा कान सारखा फिरत होता, एक इकडे एक तिकडे, पापण्यांवर दंव होतं की काय असं वाटावं इतकी जवळ. मध्ये झुडूप, बाण फांदीला लागून कुठेही जाईल, त्यामुळे नेम धरायचा प्रश्नच नाही, आणि मी तो धरलाही नसता बहुतेक, त्या क्षणी तरी.

साडेनऊला फोनवर एक काडी रेंज आली. आजोबांचा मेसेज: किती पळवलीस?

मी अंगठा जमेल तितका हळू हलवत लिहिलं, एकही नाही, पण दोघं माझ्या खालीच येऊन बसलीयेत, पाय गोठलेत, लघवीला लागलीये, आता उतरू कसा?

बराच वेळ उत्तर नाही. घळीत ट्रॅक्टर येणार नव्हता हे दोघांनाही माहीत होतं. मग आलं, एकच ओळ: "मग बस आता."

ती दोघं दुपारी एक वीसला उठली.