आमची वाटचाल : आधी सॉकेट, मग बिल

सांगलीत हरभट रोडच्या मागच्या बोळात २००९ साली आम्ही कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा सगळीकडे जी३१ मदरबोर्ड आणि त्यावर ७७५ सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) एवढंच होतं. ड्युअल कोर प्रोसेसर काढून कोअर टू ड्युओ बसवला की गिऱ्हाईक खूश. तेव्हापासून काम एकच : जुनं डेस्कटॉप उघडायचं आणि त्यातलं नेमकं काय थकलंय ते खरं सांगायचं. मधली बरीच वर्षं बरी गेली. लिहायचंय ते शटर कायमचं खाली यायची वेळ आली होती त्या काळाबद्दल.

मुख्य रस्त्यावर काचेचं मोठं शोरूम आलं. जुनं द्या, नवं न्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही, धंदा ज्यानं त्यानं करावा. पण आमच्या गिऱ्हाइकांना तिथं सांगायला लागले, ‘बोळात मशीन ठेवून येऊ नका, चांगली रॅम काढून हलकी घालतात.’ हे ज्या दिवशी कानावर आलं त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुरुस्तीच्या धंद्यात माणूस आपल्याकडे बंद डबा सोपवून जातो. त्या विश्वासावर घाव बसला की उरतं काय?

त्याच सुमारास एका शाळेची लॅब गेली. एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, आमच्याकडे होती. एच६१ बोर्ड, पेंटियम जी६२०, दोन जीबी रॅम, जुन्या हार्ड डिस्क. पोरांचा अर्धा तास मशीन चालू होण्यात जायचा. मी मुख्याध्यापकांना विंडोजमधला रिसोर्स मॉनिटर उघडून दाखवला, कशावर किती ताण आहे ते त्यात दिसतं : प्रोसेसर निवांत, रॅम भरलेली, डिस्कला श्वास घ्यायला फुरसत नाही. कोटेशन दिलं की रॅम वाढवा, एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान डिस्क) घाला, प्रोसेसरला हात लावू नका. शोरूमनं सांगितलं, प्रोसेसर कालबाह्य झालाय. अख्खी लॅब नवी आली, आमची एएमसी गेली आणि तिच्यामागोमाग इतरही गेल्या. पुढे त्याच मशीन भंगारवाल्याकडे दिसल्या. मी वजनावर घेतल्या, आठ जीबी रॅम आणि एसएसडी घातली, प्रोसेसर तोच ठेवला. त्यांतल्या कितीतरी आज आजूबाजूच्या दुकानांत बिलिंग करतायत. ती गोष्ट मी विसरलेलो नाही.

त्या दिवसांत दुकान तगलं ते खणभागातल्या प्रेसवाल्या काकांमुळे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुका आल्या की फ्लेक्स. त्यांच्या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (तो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशी किल्ली) प्रिंटरच्या मोठ्या पोर्टात बसायचा. नव्या बोर्डांना ते पोर्टच नाही, त्यामुळे ‘नवं घ्या’ हा सल्ला त्यांच्या उपयोगाचा नव्हता. अफवा त्यांच्याही कानावर गेली होती. दुकानात चार माणसं असताना म्हणाले, ‘अरे, माझी मशीन इथं रात्रभर राहू दे. मला माहीत आहे कोण काय काढून घेतं ते.’

त्यांचंही एच६१ आणि जी६२०. एसएसडी आधीच घातली होती, रॅम पुरेशी होती, तरी फ्लेक्सची फाइल सेव्ह करायला दिली की काका चहा पिऊन यायचे. बघितलं तर डिस्क मोकळी आणि प्रोसेसरचे दोन्ही कोअर शंभर टक्क्यांवर. प्रोसेसर बदलण्याचं काम असतं ते इथं. पुण्याच्या तपकीर गल्लीतून वापरलेला आय५-३४७० मागवला. दोनाचे चार कोअर, २.६ ऐवजी ३.२ गिगाहर्ट्‌झ, आणि वॅट ६५ चे ७७ म्हणजे जुन्या एसएमपीएसवर (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) फारसा ताण नाही. पण हा तिसऱ्या जनरेशनचा आणि बोर्डातलं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डातला मूळ प्रोग्राम, दुसऱ्या जनरेशनच्या वेळचं. म्हणून जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट केलं, मग बदल. हा क्रम चुकला की स्क्रीन काळी आणि दोष येतो बिचाऱ्या प्रोसेसरवर. काकांचा चहा तेव्हापासून थंड होतो. बोर्ड तेच, डोंगल तोच, खर्च नव्या मशीनच्या पासंगालाही नाही.

काका जाईल तिथं सांगत राहिले आणि माणसं परत यायला लागली. तेव्हापासून आमचा नियम आहे : कॅबिनेट गिऱ्हाइकासमोरच उघडायचं, रॅम, डिस्क आणि प्रोसेसरचे नंबर वहीत लिहायचे, खाली त्याची सही घ्यायची. या वह्या जपून ठेवल्यात, कुणीही येऊन बघावं.

टेबलावरची हत्यारं मात्र फार बदलली नाहीत. पोस्ट कार्ड (मशीन चालू होताना कुठं अडकतं ते दाखवणारं कार्ड), मल्टिमीटर, ब्लोअर, रॅमचे कॉन्टॅक्ट घासायला खोडरबर. प्रोसेसरची वाकलेली पिन सरळ करायला शिसं काढलेली पेन-पेन्सिल आणि भिंग, याच्या तोडीचं हत्यार मी पाहिलं नाही. बायोस उडालं तर ते चिपमध्ये पुन्हा भरायला सीएच३४१ए प्रोग्रामर आणि क्लिप. नवीन पोरांना पहिले काही महिने मी फक्त धूळ काढायला आणि पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) बदलायला लावतो, कारण ‘प्रोसेसर गेला’ म्हणून येणाऱ्या मशीन बहुतेक वेळा नुसत्या तापलेल्या असतात.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बोळात पुन्हा गर्दी झाली. इंटेलच्या सहाव्या-सातव्या जनरेशनवाले येतात आणि म्हणतात, आठवीचा प्रोसेसर टाकून द्या, म्हणजे विंडोज ११ चालेल. सॉकेट दोन्हीकडे ११५१ च, प्रोसेसर बसतोही, पण त्यांच्याकडच्या १०० आणि २०० सिरीजच्या बोर्डांवर इंटेलनं तो चालू दिलेला नाही. तिथं बोर्ड बदलावंच लागतं, आणि जुनं बोर्ड डीडीआर३ रॅमचं असेल तर रॅमही. मग मी स्वतःच म्हणतो, नवं घ्या. एएम४ (एएमडी कंपनीचं सॉकेट) वाल्यांचं नशीब चांगलं. २०१७ च्या बी३५० बोर्डावरही बायोस अपडेट करून ५००० सिरीजचा रायझन बऱ्याचदा चालतो. बोर्ड बनवणाऱ्याच्या यादीत नाव आहे का तेवढं बघायचं. फक्त एएम४ चा कूलर सरळ वर ओढू नका, पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटातून उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

आणि ऑनलाइन स्वस्त दिसला म्हणून प्रोसेसर आधी मागवून मग आमच्याकडे येऊ नका. बोर्डावर छापलेल्या नावाचा, रिव्हिजन नंबरचा आणि एसएमपीएसच्या लेबलचा फोटो पाठवा. एवढ्याचे आम्ही पैसे घेत नाही.