सिंगालीलाच्या मालिंगोत हाब्रेच्या मागावर

मानेभंज्यांगहून निघून टुमलिंगला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गैरीबासच्या वरच्या जंगलात शिरलो, तेव्हा नोव्हेंबर नुकताच लागला होता. पश्चिम बंगालमधल्या दार्जिलिंग जिल्ह्यातल्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात बहुतेक मराठी ट्रेकर ३६३६ मीटर उंचीच्या संदकफूवरून कांचनजंगा पाहायला येतात. आम्ही लाल पांड्यासाठी आलो होतो. इथले नेपाळीभाषक लोक त्याला ‘हाब्रे’ म्हणतात. पांडा हे नाव मुळात याच प्राण्याचे: त्याचे शास्त्रीय वर्णन १८२५ साली झाले, तर चीनमधल्या काळ्या-पांढऱ्या पांड्याचे १८६९ साली.

आमचे वाटाडे दाजू झाडांच्या शेंड्यांकडे पाहतच नव्हते. शेवाळाने मढलेल्या एका आडव्या खोडापाशी ते थांबले आणि म्हणाले, “आधी याची विष्ठा शोधायची.” खोडावर लेंड्यांचा ढीग होता, वरच्या ताज्या व हिरव्या, खालच्या वाळून गवताच्या रंगाच्या झालेल्या. हाब्रे ठरलेल्या जागीच पुन्हा पुन्हा विष्ठा टाकतो. दाजूंनी काडीने एक लेंडी फोडली, तर आत मालिंगो बांबूच्या पानांचे तुकडे जवळपास जसेच्या तसे होते आणि त्यांत चार-पाच बारीक बिया. या प्राण्याचे आतडे मांसाहाऱ्याच्या घडणीचे असल्यामुळे खाल्लेल्या बांबूपैकी जेमतेम पाव हिस्साच त्याला पचतो, आणि उरलेला पाला बारीक होऊन जमिनीला मिळतो. शरद ऋतूत तो रोवनची आणि किवीच्या कुळातल्या रानवेलीची फळेही खातो, म्हणून त्या बिया मूळ झाडापासून दूर, ओल्या शेवाळावर, खतासकट येऊन पडतात. मला तो ढीग त्या जंगलाच्या रोपवाटिकेसारखा वाटला.

साडेनऊच्या सुमारास दाजूंनी माझा खांदा दाबला. ओकच्या फांदीवर, तांबूस शेवाळ आणि पांढरे दगडफूल यांच्यामध्ये, पट्ट्यापट्ट्यांची शेपटी लोंबत होती. त्याने मनगटाच्या हाडापासून बनलेल्या जादा ‘अंगठ्याने’ मालिंगोची डहाळी वाकवली, कोवळ्या पानांची टोके तेवढी खुडली आणि कांडे तसेच सोडून दिले. आम्ही वीस मिनिटे श्वास रोखून पाहत राहिलो.

त्याला दाट मालिंगो लागतो, जवळ पाणी लागते आणि पिल्ले ठेवायला ढोल्या असलेली जुनी झाडे लागतात; आणि हे तिन्ही जिथे टिकते तिथे सॅटायर ट्रॅगोपान हा रानकोंबड्याच्या कुळातला देखणा पक्षी टिकतो, काळे अस्वल टिकते, खालच्या गावांचे झरेही टिकतात. आपल्याकडे शेकरूसाठी १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य झाले आणि त्या एका खारीच्या नावाने अख्खे देवरायांचे रान राखले गेले, तेच नाते मला इथे दिसले. म्हणूनच वाटेवर मोकाट कुत्र्यांची टोळी मालिंगोत घुसताना पाहिली तेव्हा पोटात गोळा आला. कुत्री हाब्रेला मारतात आणि डिस्टेंपरसारखा रोगही त्याच्यापर्यंत पोहोचवतात. ट्रेकरांनी टाकलेले उरलेसुरले अन्न त्यांना वर खेचते, हे मला फार लागले. त्या दिवसापासून आमच्या गटाने उष्टे पिशवीत बांधून परत न्यायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी कालीपोखरीकडे निघण्यापूर्वी आम्ही पुन्हा त्या खोडापाशी गेलो. कालच्या ढिगावर आणखी काही ओल्या, हिरव्यागार लेंड्या पडल्या होत्या आणि शेजारच्या मालिंगोची टोके खुडलेली होती.