आमची वाटचाल : ग्रानादाच्या चढावरची तीनचाकी

स्पेनमधल्या ग्रानादा शहरात आम्ही पर्यटकांना विजेवर चालणाऱ्या उघड्या तीनचाकीतून फिरवतो, आणि भरलेली गाडी घेऊन ज्यांनी कधी क्वेस्ता देल चापिसचा चढ चढला आहे त्यांना एवढ्यावरूनच आमची निम्मी वाटचाल कळेल. दार्रो नदीच्या एका अंगाला अल्हाम्ब्रा या जुन्या किल्ला-राजवाड्याची टेकडी आणि समोरच्या अंगाला अल्बायसीन या जुन्या वस्तीची. अल्हाम्ब्राला जागतिक वारशाचा दर्जा १९८४ मध्ये मिळाला आणि अल्बायसीनला १९९४ मध्ये. या गल्ल्या माणसांसाठी आणि खेचरांसाठी आखलेल्या असल्यामुळे मोठी बस तिथे शिरत नाही आणि जुलैच्या उन्हात पायी चढणे वयस्कर पाहुण्यांना झेपत नाही. आमचा धंदा या दोन अडचणींच्या मधल्या जागेत उभा आहे.

मी मूळचा बारामतीचा. पियाजिओच्या तीनचाकी जिथे तयार होतात त्या गावचा माणूस स्पेनमध्ये रिक्षाच चालवतो, याची आमच्या नातेवाइकांनी पुष्कळ थट्टा केली. परंतु तीनचाकीचा तोल कुठे जातो, वळणावर मागचे आतले चाक कधी हलके होते आणि जाडजूड प्रवाशाला कुठे बसवायचे, हे मला इथे कोणी शिकवावे लागले नाही.

या गावातली फरसबंदी पाहायला सुंदर आहे. काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी सगळे पर्यटक टिपून घेतात. गाडीला मात्र ती दिवसभर हादरे देते. बॅटरीच्या टर्मिनलचे नट हळूहळू ढिले होतात, सांधा तापतो आणि नेमक्या चढावर गाडीची ताकद तुटते. म्हणून आमच्याकडे प्रत्येक महत्त्वाचा नट टॉर्क पान्याने आवळल्यावर त्याच्यावरून बोल्टपर्यंत पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढलेली असते. सकाळी चालक टॉर्च घेऊन खाली वाकतो आणि रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे हे पाना न लावताच त्याला कळते. दुसरी गोष्ट चार्जिंगची. आमचे गॅरेज वरच्या अंगाला असल्यामुळे दिवसाची सुरुवात उताराने होते. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर उतारावर मोटर ब्रेकचे काम करून जी वीज परत देते ती साठवायला जागाच उरत नाही, आणि सगळा भार ब्रेक लायनरवर येतो. म्हणून आम्ही चार्जिंग मुद्दाम थोडे कमी ठेवतो. या व्यवसायात उतरू पाहणाऱ्यांनी गाडीच्या रंगाआधी आपल्या गॅरेजची उंची पाहावी.

सुरुवातीची वर्षे बरी गेली. नंतर प्लासा नुएवामध्ये आमच्या शेजारी दुसरी एक कंपनी येऊन उभी राहिली. तिचे नाव मी लिहिणार नाही. ज्यांना कळायचे त्यांना ते कळेलच. स्पर्धेबद्दल माझी तक्रार नाही, कारण चौक कोणाच्या वडिलांचा नाही. परंतु त्यांनी हॉटेलांच्या काउंटरवर बसणाऱ्या मुलांना दर प्रवाशामागे पैसे देण्यास सुरुवात केली, तासाभराची म्हणून विकलेली फेरी ते पाऊण तासात आटोपू लागले, आणि जिथून समोर अल्हाम्ब्रा दिसतो त्या सान निकोलासच्या सज्ज्यापाशी पाहुण्यांना गाडीतून उतरू न देता तिथूनच फोटो काढायला लावू लागले. आमचे दोन अनुभवी चालकही त्यांनी जास्त पगार दाखवून नेले. याहून मला लागलेली गोष्ट त्यांच्या पत्रकाची आहे. त्या पत्रकावर कारेरा देल दार्रोच्या जुन्या पुलापाशी उभ्या असलेल्या तीनचाकीचा फोटो होता, आणि त्या गाडीच्या हुडाच्या डाव्या कोपऱ्यावर माझ्या पत्नीने लाल दोऱ्याने शिवलेले ठिगळ स्पष्ट दिसत होते. ती गाडी आमची होती. मी पत्रक घेऊन त्यांच्या कार्यालयात गेलो, तेव्हा सगळ्या तीनचाकी सारख्याच दिसतात, असे उत्तर मला मिळाले.

त्या काळात हॉटेलांकडून येणारी गिऱ्हाइके जवळजवळ थांबली, बँकेचा हप्ता थकला आणि एक गाडी विकावी लागली. तग धरता आला तो रेआलेखो भागात छोटे पाहुणेघर चालवणाऱ्या एका बाईंमुळे. त्यांनी आमच्याकडून कधी एक युरोही कमिशन घेतले नाही. मी एकदा नाताळात पाकीट नेऊन दिले, तर त्यांनी ते परत माझ्या खिशात घातले आणि त्याऐवजी “माझ्या पाहुण्यांना घाई करू नकोस,” असे मला बजावले. त्यांच्याकडून येणारा प्रवासी कोणत्या वयाचा आहे, त्याला गुडघ्यांचा त्रास आहे का, हे त्या आदल्या रात्री फोन करून सांगत, आणि त्याप्रमाणे आम्ही पायरीची गाडी पाठवत असू.

१४ मार्च २०२० रोजी देशात आणीबाणीची स्थिती जाहीर झाली आणि सेमाना सांताच्या (ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या) तोंडावर, म्हणजे आमच्या कमाईच्या ऐन आठवड्यांत, चौक ओस पडला. गाड्या गॅरेजमध्ये, बॅटऱ्या निम्म्या भरलेल्या (उभ्या गाडीची लिथियम बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये, हेही जाता जाता सांगतो), आणि उत्पन्न काही नाही. बाईंच्या स्वतःच्या खोल्याही रिकाम्या होत्या. तरीही त्यांनी पुढच्या वर्षी येणाऱ्या पाहुण्यांसाठी म्हणून फेऱ्यांची कुपने आगाऊ रोख देऊन घेतली. त्या पैशांतून विम्याचा हप्ता भरला गेला आणि परवाना टिकला. शेजारच्या कंपनीने त्याच उन्हाळ्यात गाड्या विकून गाशा गुंडाळला. पुढे तीच मंडळी वेगळ्या नावाने पुन्हा आली आणि पत्रकावर फोटो अजूनही तोच आहे.

मराठी पाहुणे आता बरेच येतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. अल्हाम्ब्रातल्या नासरी राजवाड्यांच्या तिकिटावर प्रवेशाची वेळ छापलेली असते आणि ती चुकली तर आत सोडत नाहीत; तेव्हा त्याच्या लगेच आधीच्या तासात आमची फेरी घेऊ नका, आम्ही स्वतःच ती देत नाही. सान निकोलासला सूर्यास्ताच्या क्षणी उभे राहायला जागा नसते. त्याच्या तासभर आधी या. तेव्हा मावळतीचे ऊन समोरच्या तांबूस बुरुजांवर पडलेले असते आणि मागे सिएरा नेवादा पर्वतही दिसतो. ही वेळ आम्ही आधी रेआलेखोच्या बाईंच्या पाहुण्यांना देतो आणि उरलेल्या जागा इतरांना. हॉटेलच्या काउंटरवरून कोणी कितीही आग्रह केला तरी हा क्रम आम्ही बदललेला नाही.