वाळवंट पाहायला गेलो, बरड पाहून आलो

आधी कामाचं सांगतो. जैसलमेर स्टेशनवर उतरल्यावर कोणी "नॅशनल पार्क सफारी" म्हणून पैसे मागितले, तर खिशातला हात बाहेर काढू नका. आम्ही काढला. तिघांचे साडेसात हजार गेले आणि डेझर्ट नॅशनल पार्क या उद्यानातलं गवताचं पातंही दिसलं नाही.

आम्ही तिघं वरोरा तालुक्यातले: मी, माझे मामा आणि मामांच्या गावच्या शाळेतले मास्तर. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तूर घरी आली. कापसाची शेवटची वेचणी मामीवर टाकून निघालो. मामी अजून धड बोलत नाही. जाण्याचं कारण एकच, माळढोक. वरोरा-भद्रावतीकडच्या वावरांत हा पक्षी पूर्वी दिसायचा. मी शाळेत असताना एकदा तुरीच्या धुऱ्यावर पाहिला आणि लांडोर समजून दगड मारला होता. आता देशभर मिळून दीडशेच्या आसपास उरलेत म्हणतात, त्यातले बहुतेक जैसलमेरकडे. तिकडं त्याला गोडावण म्हणतात. १९८१ पासून तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे.

नागपूर, भोपाळ, जोधपूर, जैसलमेर. रेल्वेचा प्रवास आहे, बसायचं आणि उतरायचं. फक्त जोधपूरनंतरच्या रात्री स्लीपरमध्ये खालची, खिडकीजवळची बर्थ घेऊ नका. फटीतून बारीक वाळू आणि थंडी दोन्ही आत येतात.

थंडीवरून आमची पहिली फजिती झाली. आम्ही उन्हाळ्यात ४६-४७ डिग्री काढणारी माणसं, वाळवंटाला काय घाबरायचं! मामांनी एक शाल घेतली, मी एक स्वेटर. मास्तरांनी मात्र कानटोपी, हातमोजे, दोन गोधड्या असा संसार आणला होता आणि आम्ही वरोऱ्यापासून त्यांना हसत होतो. पहिल्या रात्री तंबूत मोबाइल पाच डिग्री दाखवत होता. पहाटे तंबूच्या कापडाला दव धरलं होतं. दुपारी मात्र शर्टावर फिरलो. वाळू उन्हानं लवकर तापते आणि सूर्य गेला की तितक्याच लवकर गार होते, एवढं शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं. अंगावर आल्यावर कळलं. दुसऱ्या रात्री मास्तरांना एक गोधडी मागितली. त्यांनी दिली, पण आधी पाच मिनिटं हसून घेतलं.

आता त्या साडेसात हजारांचं. स्टेशनबाहेर एक गोड बोलणारा भेटला. त्याच्या कार्डावर उंटाशेजारी माळढोकाचं चित्र होतं. जीप सफारी, उंट, तंबू, जेवण, नाच, सगळं "पार्कमध्ये". आम्ही ताडोब्याच्या हिशेबानं विचार केला: जिप्सी, गाइड, गेट म्हटलं की एवढे होणारच. त्यानं आम्हाला नेलं समला, शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर. सम म्हणजे उद्यानाच्या काठावरची वाळूच्या टेकड्यांची जत्रा. तंबूंच्या रांगा, डीजे, चार चाकांच्या गाड्या टेकडीवर चढतायत, घसरतायत, पोरं किंचाळतायत. आमची सफारी चाळीस मिनिटांची. चालकाला विचारलं, "गोडावण कुठे?" तर त्यानं कॅम्पच्या कमानीवर रंगवलेला पक्षी दाखवला. मी विनोद करत नाही.

पुढे उंटवाला. वर जायचे माणशी दोनशे ठरले. सूर्यास्त पाहून उतरायच्या वेळी म्हणाला, ते फक्त चढायचे होते, उतरायचे तिघांचे आठशे. मामा शांतपणे उंटावरून खाली उतरले. म्हणजे पडले, पण मुद्दाम उतरल्यासारखे. आणि म्हणाले, "वाळूच तं हाये, पायी जातो." आम्हीही त्यांच्यामागे. समबद्दल माझं मत एवढंच: तुम्हाला बैलपोळ्याच्या गर्दीत डीजे लावून नाचायला आवडत असेल तर जा. नाहीतर रस्त्यावरून लांबून टेकड्या पाहा आणि पुढे निघा.

खरं उद्यान कुठे आहे, हे दुसऱ्या दिवशी शहरातल्या उद्यानाच्या कार्यालयात कळलं. परवानगी तिथून मिळते. ओळखपत्राच्या झेरॉक्स न्या आणि सकाळी जा. एजंटची गरज नाही. तिथला बाबू आमची कहाणी ऐकून हसला नाही. रोज ऐकत असावा.

या डेझर्ट नॅशनल पार्कचा आवाका आपल्या डोक्यात बसत नाही. १९८० साली जाहीर झालेलं, ३,१६२ चौरस किलोमीटर, जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत. ताडोब्याचं मूळ राष्ट्रीय उद्यान ११६ चौरस किलोमीटरचं, अशी सत्तावीस त्यात मावतील. नाव राष्ट्रीय उद्यान, पण आत गावं आहेत, ढाण्या म्हणजे शेतांतल्या लहान वस्त्या आहेत, बाजरीची शेतं, शेळ्या-मेंढ्या, शाळा सगळं आहे. एकच गेट आणि पहाटे त्याच्यापुढे जिप्सींची रांग, असलं काही मनात धरून जाऊ नका.

आणि वाळू? वाळूच्या टेकड्या उद्यानाच्या जेमतेम पाचव्या हिश्शात. बाकी सगळा मुरमाड माळ, खडक, मधूनच खारट सपाटी आणि गवत. जीप डांबरी सोडून आत वळली तेव्हा मामांनी बाहेर पाहिलं आणि म्हणाले, "काऊन रे, वाळवंट कुठं हाय? हे तं आपली बरड हाय ना बाप्पा!" खरंच तसंच. धुऱ्यावरची रुई तीच, तिकडं आक म्हणतात. खेजडी म्हणून ज्याची पूजा करतात ती आपली शमीच. सेवण नावाचं गवत गुडघ्याएवढं, झुपक्याझुपक्यानं. आम्ही घरी जिला "पडीक आहे, काही कामाची नाही" म्हणतो, तशी जमीन पाहायला आम्ही दीड हजारावर किलोमीटर आलो होतो.

आता तिसऱ्या दिवसाचा तो पट्टा, ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो.

मुक्काम खुहडीला हलवला होता. खुहडी समपेक्षा शांत आणि स्वस्त, माणसं बरी. फक्त त्यांच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नका. कॅम्पवाला म्हणाला, पुढच्या ढाणीपर्यंत टेकड्यांमधून पायी जा, "बस चार किलोमीटर, एकदम सीधा", तिथून गाडीनं परत आणतो. चार किलोमीटर म्हणजे आमच्या लेखी वावरापर्यंतचा पांदण रस्ता. दुपारी तीनला निघालो. मोबाइलमध्ये शेवटी अकरा भरले.

तुम्हाला चालायची सवय आहे, पाठीवर पिशवी आहे, विजेरी आहे, असं मी धरूनच चालतो. नसेल तर टेकड्यांत शिरू नका, कडेनं फिरून या. पण सवय असूनही वाळूत चालणं वेगळं असतं. पहिला तास आम्ही सरळ रेषेत, म्हणजे समोर येईल त्या टेकडीवर चढत गेलो. एक पाऊल वर, पाऊण पाऊल खाली. पोटऱ्या पेटल्या. मग मेंढ्यांच्या वाटेकडे पाहिलं, तेव्हा युक्ती कळली. ज्या अंगावर वाऱ्यानं लाटांसारख्या रेघा पाडलेल्या असतात, ते अंग घट्ट. पाऊल फार रुतत नाही. पलीकडचं, रेघा नसलेलं, गुळगुळीत आणि तिरकस अंग भुसभुशीत. तिथं वाळू जितका उतार धरू शकते तितका धरून उभी असते. पाय ठेवला की सगळी खाली सरकते. तिथून उतरा खुशाल, मजा येते, पण चढू नका. चढायचं घट्ट अंगानं, चालायचं टेकडीच्या धारेवरून, आणि दोन टेकड्यांमधल्या खोलगटात शक्यतो शिरायचं नाही.

कारण खोलगटात भुरट. हा शब्द लक्षात ठेवा. हे तिथलं एक गवत. त्याचं बी म्हणजे मुगाएवढा काटेरी गोळा, जानेवारीत पिकून वाळलेला असतो. आपलं गोखरू एकदा टोचून थांबतं. हे टोचतं, चिकटतं आणि उपटायला गेलं की बोटात बसतं. काट्यांना मागे वळलेले बारीक आकडे असतात. मोज्यातून निघत नाही, बुटाच्या नाड्यांतून निघत नाही. मामांच्या लोकरीच्या शालीचं तर त्यानं पार शेत करून टाकलं. माझे बूट जाळीदार, वरून वाळू आत, मोज्यावर भुरट, दोन्ही मिळून टाच सोलून निघाली. साडेपाचच्या सुमारास मामा एका खेजडीखाली बसले आणि म्हणाले, "तुम्ही जा. मी हितंच राह्यतो. मले कोणी विचारलं तं सांगा, बुढा वारला." मास्तर चिमटा काढून त्यांचे मोजे साफ करायला बसले. मी पाणी पाहिलं: तिघांत मिळून अर्धा लिटर.

चूक कोणाची, यावर रात्री भांडण झालं. माझं म्हणणं कॅम्पवाल्याची. मास्तरांचं म्हणणं, निघताना "चार किलोमीटरला तीन बाटल्या कशाला" असं कोण म्हणालं ते आठव. असो. थंडी आहे म्हणून पाणी कमी लागेल हा हिशेब करू नका. माणशी तीन लिटर न्या. जाळीचे बूट नेऊ नका. मोजे लोकरी नकोत, गुळगुळीत विणीचे घ्या, पायजम्याचे पाय मोज्यात खोचा आणि एक बारीक चिमटा खिशात ठेवा. कंगवाही चालतो, मोठे गोळे त्यानं निघतात. टेकड्यांत मोबाइलला रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या. सूर्य सव्वासहाच्या आसपास बुडतो आणि त्यानंतर सगळ्या टेकड्या एकसारख्या दिसतात.

सूर्य बुडाल्यावर एका ढाणीचा दिवा दिसला. गोल भिंतीची, गवतानं शाकारलेली झोपडी, दारात शेळ्या. तिथल्या म्हातारीनं मामांची शाल पाहिली, काही न विचारता मांडीवर घेतली आणि चुलीच्या उजेडात भुरट वेचत बसली. सुनेनं शेळीच्या दुधाचा चहा दिला. पैसे घेतले नाहीत. मास्तरांनी आग्रह केला तेव्हा म्हातारी रागावली. गाडी तासाभरानं आली. कॅम्पवाल्यानं "थोडा ज्यादा हो गया क्या?" असं विचारलं. त्याला काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शहराबद्दल थोडक्यात. किल्ला ११५६ सालचा, आत अजून लोक राहतात, एक सकाळ पुरते. घोटुआ लाडू घ्या. अकलचं जीवाश्म वन, शहरापासून सतरा किलोमीटर, अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले बुंधे. ते लोखंडी जाळीत, वर पत्रा. वीस मिनिटं. आपल्या सिरोंच्याजवळ वडधमला असलेच जीवाश्म आहेत, ते आमच्यापैकी एकानंही पाहिलेले नाहीत. परत आल्यावर जाऊ म्हणालो. अजून गेलो नाही.

शेवटचा दिवस सुदासरी. जैसलमेरपासून साठेक किलोमीटर, परवानगी हातात, सोबत वनरक्षक. तारेच्या कुंपणातलं गवताळ रान आहे. माळढोक वर्षाला एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर, म्हणून कुत्री, कोल्हे आणि गुरं बाहेर ठेवावी लागतात. समला २०१९ पासून प्रजनन केंद्र आहे, जंगलातली अंडी उबवून पिल्लं वाढवतात. ते पाहायला मिळेल असं कोणी सांगितलं तर पुन्हा खिशावर हात ठेवा, ते प्राणिसंग्रहालय नाही. कुंपणाबाहेर लांबवर पवनचक्क्या आणि विजेच्या तारा दिसतात. वनरक्षक म्हणाला, खरा शत्रू तो. या पक्ष्याचे डोळे बाजूला, समोरचं नीट दिसत नाही, अंग जड, तार जवळ आली तरी वळता येत नाही. तारा जमिनीखालून न्या असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये म्हटलं होतं, २०२४ मध्ये तो आदेश पुष्कळ सैल झाला. मामा म्हणाले, "आमच्याकडं बी ताराच झाल्या. आन् खाणी." वनरक्षकाला मराठी येत नव्हतं, तरी तो मान हलवत राहिला.

सकाळी साडेआठपर्यंत चिंकारे दिसले, गिधाडं दिसली, एक वाळवंटी कोल्हा बिळातून तोंड काढून ऊन खात होता. गोडावण नाही. नऊच्या सुमारास वनरक्षकानं हात वर केला. चारेकशे मीटरवर सेवणाच्या झुपक्यांत दोन मानी. पांढऱ्या, लांब, डोक्यावर काळी टोपी. पाटलानं वावर पाहत फिरावं तसे चालत होते, थांबत, मान ताठ, पुन्हा दोन पावलं. कोणी बोललं नाही. मास्तर वही काढायचं विसरले.

दिवस हाताशी असेल तर सुदासरीला दोन सकाळी द्या, समला शून्य. पहाटे निघा, ऊन चढलं की पक्षी गवतात बसून जातात. आणि दुर्बीण स्वतःची न्या. वनरक्षकाकडे एकच होती, ती मामांनी पाऊण तास सोडली नाही. मी मागितली तर म्हणाले, "थांब रे. तू दगड मारशील."