फुकटच्या फळीवरचं मेतकूट

ऑस्ट्रेलियातल्या बायरन बेच्या होस्टेलमध्ये स्वयंपाकघरात शिरले आणि पहिलं लक्ष गेलं ते कोपऱ्यातल्या फळीकडे. वर खडूने लिहिलेलं, 'फ्री फूड'. खाली अर्धवट पास्त्याची तीन पाकिटं, बोटभर तेल उरलेली बाटली, मीठ, कोंब फुटलेला कांदा आणि व्हेजीमाइटची (पावाला फासायच्या यीस्टच्या लेपाची) जवळजवळ भरलेली बरणी. पुढच्या गावाला निघालेल्याला पाठीवर जे ओझं नको असतं ते तो इथे ठेवतो, मागून आलेला उचलतो. सिडनी ते केर्न्स या साधारण अडीच हजार किलोमीटरच्या वाटेवर मला अशा पाच फळ्या भेटल्या. व्हेजीमाइट पाचही ठिकाणी होतं. ते काळं, खारट प्रकरण एकदा चाखलं की का उरतं ते कळतं.

माझं वय ४६. भाची सिडनीतल्या पॅरामॅटाला राहते, तिच्याकडे महिनाभर जायचं ठरलं होतं. त्यातले अठरा दिवस मी बसने किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे जाणार म्हटल्यावर ती म्हणाली, "मावशी, अगं डॉर्ममध्ये अठरा-वीस वर्षांची पोरं असतात. रात्रभर येत-जात राहतात. तुला झोप लागेल का?" मी म्हटलं, रातराणीने रत्नागिरी-मुंबई किती वर्षं केली, मला कुठेही लागते.

सामानात आईने दिलेला मेतकुटाचा डबा होता. पेढे तिला घरीच ठेवायला लावले, कारण भारतातला दुधाचा पदार्थ ऑस्ट्रेलियात नेता येत नाही. विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाण्याच्या वस्तूंपुढे 'हो' अशी खूण केली. खोटं लिहिलं तर दंड जबर आहे. सिडनीला अधिकाऱ्याने डबा उघडला, वास घेतला, हे काय विचारलं. "भाजलेल्या डाळी आणि तांदळाचं पीठ, भातावर घालतात." त्याने झाकण लावून परत दिला. एवढं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं.

डॉर्मचे नियम दोन दिवसांत अंगवळणी पडतात. कुलूप स्वतःचं आणायचं. खालचा बंक मिळाला तर देवाला नमस्कार करायचा. पहाटेची बस असेल तर प्लॅस्टिकच्या पिशव्या रात्रीच आवरून ठेवायच्या, कारण अंधारात पिशवीची चुरचुर ऐकली की सहाच्या सहा बंकांवरून उसासे ऐकू येतात. फ्रीजमधल्या पिशवीवर नाव आणि जायची तारीख लिहायची. तारीख उलटली की सफाईवाली ती काढून टाकते. भाचीची भीती मात्र उलटी ठरली. घोरण्याची तक्रार आली ती माझ्याविरुद्ध.

बायरनला पहाटे उठून दीपगृहापर्यंत चढून गेले. १९०१ सालचं पांढरंशुभ्र दीपगृह, आणि त्याच्या पायथ्याशी ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीचं सगळ्यात पूर्वेकडचं टोक. सूर्य वर येईपर्यंत सगळे गप्प होते, मग एकदम फोन वर झाले. बायरनबद्दल इतकं ऐकलं होतं की गाव त्यापुढे थोडं फिकंच वाटलं. दुकानं महाग, आणि शनिवारी तोच बंक दीडपट भावाने.

तिथून साडेनऊला बस सुटली आणि क्वीन्सलँडच्या सीमेवर पोचलो तेव्हा सव्वानऊ वाजले होते! न्यू साउथ वेल्स ऑक्टोबरात घड्याळं तासभर पुढे करतं, क्वीन्सलँड करत नाही. सीमेवरची ट्वीड हेड्स आणि कूलनगॅटा ही गावं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे रस्ता ओलांडला की तास बदलतो. तिथली माणसं दंतवैद्याची वेळ कशी ठरवत असतील कोण जाणे.

हर्वी बेला हंपबॅक देवमासे पाहिले. अंटार्क्टिकाकडे परतताना माद्या पिल्लांना घेऊन या शांत उपसागरात थांबतात. समोरचं बेट म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं वाळूचं बेट, लांबी सुमारे १२० किलोमीटर. पूर्वीचं फ्रेझर आयलंड, २०२३ पासून अधिकृतपणे पुन्हा तिथल्या मूळच्या बुचुल्ला लोकांनी दिलेलं नाव, के'गरी. उच्चारात 'क' गिळायचा, नुसतं 'गरी'. आमच्याकडे गरी म्हणजे मासे धरायचा गळ, म्हणून मला नाव एकदाच सांगावं लागलं. इथे फुकटची फळी नाही. उलट खाणं उघड्यावर दिसलं तर ओरडा बसतो, कारण डिंगो, म्हणजे इथला रानकुत्रा. माणसाच्या अन्नाची चटक लागलेला डिंगो माणसाच्या अंगावर येतो. आमच्या गाइडने टूथपेस्टसुद्धा गाडीत बंद करायला लावली. किनाऱ्यावर १९३५ च्या वादळात येऊन रुतलेलं 'महेनो' जहाज गंजत पडलंय. बूरंगूरा तळ्यात पोहले. फक्त पावसाचं पाणी, तळाला पांढरी वाळू. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात.

बंडाबर्गला जाताना बस चिल्डर्समधून जाते. छोटंसं ऊसवाल्यांचं गाव. जून २००० मध्ये इथल्या होस्टेलला कुणीतरी आग लावली आणि शेतात फळं-भाजी तोडायला आलेले पंधरा बॅकपॅकर गेले. ती इमारत नंतर पुन्हा उभी केली, आत त्या पंधरा जणांचं स्मारक आहे. त्यानंतर क्वीन्सलँडने स्वस्तातल्या निवासांसाठी आगीचे नियम कडक केले. डॉर्मच्या दारामागचा बाहेर पडायच्या वाटेचा नकाशा मी तोवर कधी वाचला नव्हता. त्या रात्री वाचला, आणि दारापर्यंतची पावलंही मोजली.

बंडाबर्गचं होस्टेल कामकऱ्यांचं. पर्यटक म्हणून मी एकटीच. बाकीचे पहाटे साडेचारला डोक्याला टोपी बांधून व्हॅनमधून शेतावर. फिरता फिरता काम करायचा व्हिसा घेऊन आलेल्या बहुतेकांना दुसऱ्या वर्षासाठी ८८ दिवस असं काम करावं लागतं. आता भारतीयांनाही हा व्हिसा मिळतो: २०२४ पासून, वर्षाला १००० जणांना, १८ ते ३० वयाच्या, सोडतीने. माझा पुतण्या अर्ज करणार म्हणतोय. त्याने आधी एक दिवस आमच्या बागेत आंबे उतरवून दाखवावेत.

इथल्या फळीवर पास्ता नव्हताच, होती रताळी! ऑस्ट्रेलियातली बरीचशी रताळी याच परिसरात पिकतात. बेढब निघालेली रताळी पोरं शेतावरून घेऊन येतात. सालीला तांबूस, आतून गाजरासारखी केशरी. त्या दिवशी एकादशी. मी कीस करायला घेतला. जिरे नाहीत, दाण्याचं कूट नाही. फळीवर कुरकुरीत पीनट बटर होतं. घातलं दोन चमचे. शेजारी नूडल्स ढवळणाऱ्या कोरियन मुलीने लगेच विचारलं, शेंगदाणे आहेत का, तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला चालत नाहीत. मग ताटली झाकून वर चिठ्ठी लावली, तवा दोनदा घासला. खरं सांगू? कीस चांगला झाला. आईला अजून सांगितलेलं नाही.

एअर्ली बीचची फळी सगळ्यात श्रीमंत. दोन-तीन दिवसांच्या होडीच्या सफरीत जेवण मिळतं, म्हणून निघायच्या आदल्या रात्री सगळे पिशव्या रिकाम्या करतात. चीज, अंडी, अख्खा पाव. मीही सफर केली. व्हाइटहेवनची वाळू जवळजवळ शुद्ध सिलिका, पायाखाली कुईं कुईं वाजते आणि उन्हातही तापत नाही. रत्नागिरीच्या भाट्याच्या वाळूवर दुपारी नाचत चालावं लागतं ते आठवलं.

केर्न्सला (तिथे 'कॅन्स' म्हणतात) पोचले तेव्हा नोव्हेंबर लागला होता. शहराच्या पुढ्यात समुद्र आहे पण चौपाटी नाही, ओहोटीला नुसता चिखल आणि सुसरींपासून सावध राहायच्या पाट्या. पोहायला पालिकेचा फुकट तलाव. जवळच्या किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिश असतात, म्हणून जागोजागी खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या. दंश झाला की आधी व्हिनेगर ओतायचं. प्रवाळ पाहायला गेले ते सर्वांग झाकणारा निळा सूट घालून. त्या अवतारातला एकही फोटो भाचीला पाठवला नाही.

इथून बरेच जण विमानाने घरी जातात, त्यामुळे फळीवर खाण्यापेक्षा सनक्रीम आणि टॉवेलच जास्त. शेवटच्या रात्री मी माझी पिशवी उपसली. तेल, अर्धा किलो तांदूळ, आणि डब्यात उरलेलं मेतकूट. डबा आईचा, तो ठेवून घेतला. मेतकूट एका रिकाम्या बरणीत भरलं आणि वर इंग्रजीत चिठ्ठी चिकटवली: गरम भात, तूप किंवा लोणी, वर हे.

सकाळी चहा करायला गेले तर उघड्या अंगाचा एक पोरगा टोस्टला व्हेजीमाइट फासून त्यावर मेतकूट भुरभुरत होता. मी गुपचूप कप विसळला आणि सॅक उचलली.