पितृपक्षात गाय भरवायची नाही

दुपारची जेवणं झाली की गावाकडच्या आमच्या घरात तासभर असा जातो, की जागा राहिलेला माणूस चोर वाटावा. आई माजघरात आडवी, आण्णा पडवीत तोंडावर टॉवेल टाकून, कुत्रंसुद्धा ट्रॉलीखाली. मोबाइलला रेंज हवी तर गच्चीवर जायचं आणि गच्ची तापलेली. मग वाचायला उरतं काय, तर कालनिर्णय.

आमच्याकडे कालनिर्णय भिंतीवरून उतरत नाही. नवं आलं की जुन्याच्या वर, त्याच खिळ्यावर. मधे एकदा भार सोसेना म्हणून खिळा वाकला, तर आण्णांनी वर्षं कमी केली नाहीत, खिळा मोठा ठोकला. शेजारी सुतळीला बांधलेलं बॉलपेन लोंबतं. सुतळी महिन्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत पुरत नाही, त्यामुळे आमच्या घरात तीस आणि एकतीस तारखेचं अक्षर कायम तिरकं आणि ओढल्यासारखं. लांब सुतळी बांधायचं इतक्या वर्षांत कोणाला सुचलेलं नाही. मीही सुचवत नाही. मजा वाटते.

1973 साली हे कॅलेंडर निघालं तेव्हा छापणाऱ्यांनी तिथी, नक्षत्र, सण असा सगळा विचार केला असणार. पण त्या एवढ्याशा चौकोनात एक शेतकरी काय काय कोंबेल, याचा अंदाज त्यांना होता की नाही कोण जाणे. सकाळचं दूध, संध्याकाळचं दूध, फॅट. ‘युरिया 2 गोण्या’. ‘सोसायटी भरली’. ‘लाइट रात्रीची’. आणि छापील एकादशीभोवती आण्णांचा गोल. स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या लागून आल्या, तर स्मार्तवर बारीक काट. आपली भागवत. त्याच गोलाला चिकटून, त्याच शाईत, ‘तानी भ.’.

‘भ.’ म्हणजे भरवली, तानी गाय गाभण राहावी म्हणून. हे न सांगता ज्यांना कळलं त्यांच्याकडे गाय आहे किंवा होती.

लहानपणी माझ्याकडे या ‘भ.’पासून 21 चौकोन मोजायचं काम होतं. बोट ठेवत जायचं, एकविसाव्यावर फुली मारायची. त्या फुलीच्या दिवशी आण्णा पहाटे कंदील घेऊन गोठ्याच्या दारात उभे राहायचे, मी मागे, थंडीनं त्यांच्या घोंगडीचं टोक ओढत. गाय शांत रवंथ करत असली तर ठरली, गाभण. हंबरायला लागली, दाव्याला हिसके देऊ लागली की उलटली, पुन्हा माजावर. आण्णा गळ्यातली माळ दोन बोटांत धरून तोंडातल्या तोंडात ‘पांडुरंग, पांडुरंग’ म्हणत गाईकडे बघत राहायचे. उलटलीच, तर तेवढ्याच शांतपणे म्हणायचे, “बरं. तुला नसंल पटलं.” हे गाईला की पांडुरंगाला, ते मला कधी कळलं नाही. आवाज एकच असायचा.

आता तो पितृपक्षाचा प्रकार. भाद्रपदाच्या वद्य पक्षात गाय माजावर आली तरी आण्णा भरवायचे नाहीत. एक माज चुकवला म्हणजे 21 दिवसांचं दूध गेलं, वर खायला आहेच. डेअरीतर्फे येणारे डॉक्टर वैतागायचे. “आण्णा, तुमच्यासारख्या माळकऱ्यानं असलं काय मानायचं? पितरांचा आणि गाईचा काय संबंध?” आण्णा नुसते हसायचे. आम्हीही समजायचो, असेल जुन्या लोकांचं काहीतरी.

त्या दुपारी पाय पसरून मी जुनी पानं चाळत होतो, तर एका सप्टेंबरच्या समासात आण्णांची आकडेमोड सापडली. गाय साधारण 280 दिवसांनी व्याते. पितृपक्षातून 280 दिवस पुढे मोजा. बरोबर ज्येष्ठाची अमावास्या ते आषाढी पौर्णिमा. म्हणजे माउलींची पालखी पुण्या-सासवडाकडून निघून पंढरपूरच्या काल्यापर्यंत पोचते तो काळ. पितृपक्षात भरवलेली गाय ऐन वारीत व्यायची, आणि आण्णा तेव्हा आमच्या दिंडीत लोणंदला नाहीतर वेळापूरला. मधे अधिक महिना येणार असेल तर सगळं गणित पुन्हा मांडलेलं, खाली दोन रेघा ओढून. पितरांचा काही संबंधच नव्हता. डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांना पटलं असतं का, देव जाणे. पण आण्णांनी सांगितलं नाही. नवस, उपास, हिशेब, यातलं काहीच ते बोलून दाखवत नाहीत.

मला तर हे फार आवडलं. माणूस देवाला वेळ देतो म्हणजे काय, तर नऊ महिने आधी गोठ्यातून सुट्टी मंजूर करून घेतो. गाई असलेल्या माणसाला रविवार नसतो. लग्नाला गेला तरी संध्याकाळच्या धारेला परत. वर्षातून एकदा तीन आठवडे, तेवढीच काय ती त्यांची रजा.

ती पानं मग मुद्दाम शोधून काढली. आणि तिथं अक्षर बदललेलं दिसलं. दरवर्षी जून-जुलैत, वारी निघाली की आण्णांचे भरभर आडवे पडलेले आकडे थांबतात आणि उभे, गोल, चौथीपर्यंत शिकलेल्या हाताचे आकडे सुरू होतात. सकाळ 7, संध्याकाळ 6. ‘मूग पेरला’. ‘बाजरी दुबार’. ‘गोठा गळतोय’. काल्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा आण्णा.

2020च्या पानांवर मात्र अक्षर बदलत नाही. त्या वर्षी पादुकाच एसटीनं पंढरपूरला गेल्या. 1 जुलैच्या एकादशीला आण्णांनी गोल काढलाय आणि आत लिहिलंय, ‘घरी’. दिवसभर बांधाबांधानं टाळ घेऊन फिरत होते, आणि गाईच्या दुधाला वीस रुपयांच्या आसपास भाव होता. आई आजही सांगते, “त्या साली पेरणी येळेवर झाली.” एवढंच सांगते.

तिनं पूर्वी कधीतरी सावता माळ्याचा दाखला देऊन पाहिला होता. “तो कुठं गेला व्हता पंढरीला? देवच आला की अरणला.” त्यावर आण्णा म्हणाले होते, “तो सावता होता. मी कोण?” यावर काय बोलणार. आणि आण्णा नसताना धारा तूच काढायचीस का, असं विचारलं तर आई म्हणते, “मग? गाई एकादशी करत्यात व्हय?”

चहाच्या वेळी आण्णांना विचारलं, “आईला कधी नेलं नाहीत वारीला?”

त्यांनी बशीतला चहा संपवला. “ती कधी म्हनली नाय.”

खोटं बोलत नव्हते. आण्णा खोटं बोलतच नाहीत. ती म्हणाली नसणारच. का म्हणाली नसेल, ते आत जाऊन तिलाच विचारावं म्हणून उठलो, तर ती तोवर गोठ्यात धारेला बसली होती. धारेच्या वेळी शेजारी कोणी बोलत उभं राहिलं की तानी पान्हा चोरते. मग राहिलंच.